कागद वाचून दाखवा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जुलै महिना लागला की आपल्याकडे दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात. एक पावसाची आणि दुसरी इन्कम टॅक्सच्या रिटर्नची. पावसावर बोलायला कवी लागतो अशी एक समजूत असल्यामुळे या दिवसांत मला कार्यक्रमांची आमंत्रणं येतात. पण आमच्या मोहल्ल्यात माझ्या दारी जी माणसं येतात, ती कविता ऐकायला येत नाहीत. ती कापडी पिशवीतून कागद घेऊन येतात. "भाई, तुम्ही शिकलेले. जरा हे बघा," म्हणतात. मी बी. ए. आहे, तोही मराठी घेऊन. मी लेखापाल नाही, वकील नाही. कागद शांतपणे शेवटपर्यंत वाचायचा, एवढीच माझी विद्या. आणि कागद दाखवून झाला की प्रत्येक जण आवाज खाली आणून एकच प्रश्न विचारतो, "हे कुणी फुकटात भरून देतं का?"

आजचं बोलणं या प्रश्नावर आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो. हो, मिळतं. आयकर विवरणपत्र, म्हणजे आपण ज्याला रिटर्न म्हणतो ते, सरकारच्या संकेतस्थळावर भरायला एक रुपयाही लागत नाही. मुदत चुकली तर विलंब शुल्क लागतं, कर बाकी असेल तर तो भरावा लागतो. पण भरण्याची म्हणून फी नाही. आपण पैसे मोजतो ते दुसऱ्याच्या वेळेचे, त्याच्या माहितीचे आणि बरेचदा आपल्याच भीतीचे.

ही भीती कुठून येते, याचा मी कवी म्हणून विचार केला. मला वाटतं, ती कराची कमी आणि भाषेची जास्त आहे. गंमत बघा. हिशेब, रक्कम, वसूल, जमा, बाकी, मुदत, अर्ज, सही, हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत असे मिसळले की आज कुणाला परके वाटत नाहीत. खुद्द 'कागद' हाही बाहेरूनच आलेला. आपली आजी निरक्षर असली तरी 'जमा' आणि 'बाकी' तिला कळत होतं. आयकर मात्र १८६० साली जेम्स विल्सन यांनी आणला तो इंग्रजीतून, आणि दीडशे वर्षं उलटून गेली तरी त्याने आपल्या घरात पाट मांडलेला नाही. 'रिटर्न' शब्दच घ्या. कित्येकांना वाटतं, रिटर्न भरला म्हणजे पैसे रिटर्न येणार. पैसे परत येतात त्याला 'रिफंड', म्हणजे परतावा म्हणतात. रिटर्न म्हणजे वर्षभराच्या कमाईचा आपण सरकारला दिलेला जबाब. आणि 'टीडीएस' म्हणजे पैसे हातात पडण्याआधीच, जिथून निघाले तिथेच कापलेला कर. सरकारी मराठीत तिथे 'उगम' असा नदीचा शब्द वापरतात. नदी आपल्या दारात येण्याआधी वरच पाट फोडून घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

१९६१ च्या कायद्यात आणखी एक घोटाळा होता. कमाईचं वर्ष वेगळं आणि करनिर्धारणाचं वर्ष वेगळं. चांगले शिकलेले लोकही तिथे अडखळत. १ एप्रिल २०२६ हा २०२५ च्या नव्या आयकर कायद्याचा पहिला दिवस. त्यात या दोन वर्षांच्या जागी 'कर वर्ष' असा एकच शब्द आहे. कलमांचे क्रमांकही त्यात बदलतात. म्हणून आज मी क्रमांक फार सांगणार नाही. कागद कशाचा आहे ते सांगेन.

आता एक उदाहरण. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका आहेत. उर्दू शाळेत आयुष्य गेलं. सगळा मोहल्ला त्यांना आपा म्हणतो. निवृत्तिवेतन महिना ३० हजार, म्हणजे वर्षाचे ३ लाख ६० हजार. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवलेली. तिचं वर्षाचं व्याज १ लाख २० हजार. त्या व्याजातून बँकेने १० टक्क्यांनी १२ हजार रुपये कापले. २०२५ साली त्या कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "बेटा, मला टॅक्स लागतो का? एक माणूस म्हणतो, १२ हजार सोडवून देतो, पण ४ हजार माझे."

आम्ही दोघांनी हिशेब मांडला. एकूण ४ लाख ८० हजार. निवृत्तिवेतनावर ७५ हजारांची प्रमाणित वजावट. राहिले ४ लाख ५ हजार. त्या वर्षी नव्या करप्रणालीत ७ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असणाऱ्यांचा कर सवलतीमुळे शून्यावर येत होता. म्हणजे आपांचा कर शून्य, आणि कापलेले १२ हजार पूर्ण त्यांचेच. पण ते आपोआप येत नाहीत. विवरणपत्र भरून मागावे लागतात. शिवाय उत्पन्न मूळ मर्यादेच्या वर असल्यामुळे कर शून्य असूनही विवरणपत्र भरणं त्यांना बंधनकारकच होतं. 'कर नाही तर रिटर्न कशाला' ही समजूत किती महाग पडते, ते इथे दिसतं.

त्यांच्या वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या नातीने दुपारभर बसून ते विवरणपत्र भरलं. मी शेजारी बसून चहा प्यायलो आणि आकडे मोठ्याने वाचले. आठवडे गेले आणि १२ हजार रुपये आपांच्या खात्यात आले. ४ हजार म्हणजे त्यांच्या औषधांचा दोन महिन्यांचा खर्च. तो वाचला.

आता मर्यादा बदलल्या आहेत. एप्रिल २०२५ नंतरच्या कमाईसाठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. शेअर विकून झालेला नफा वगैरे काही उत्पन्नांना मात्र ही सवलत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या बँक व्याजातून कर कापण्याची मर्यादाही वर्षाला १ लाखापर्यंत वाढली. ज्यांचा कर शून्यच येणार आहे, त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत तसं घोषणापत्र द्यावं. आपण ज्याला '१५-एच' म्हणत आलो, तेच हे. ते दिलं तर कर कापलाच जात नाही. त्यालाही फी नाही. हा एक कागद एप्रिलमध्ये दिला, तर जुलैची निम्मी धावपळ वाचते.

मग विनामूल्य मदत कुठे मिळते? पहिली जागा म्हणजे आयकर खात्याचं ई-फायलिंग पोर्टल. पॅन क्रमांकाने तिथे खातं उघडता येतं. साध्या पगारदाराचं किंवा निवृत्ताचं बरंचसं विवरणपत्र तिथे आधीच भरलेलं दिसतं. पगार, निवृत्तिवेतन, बँकेचं व्याज, कापलेला कर. पण आधीच भरलेलं म्हणजे बरोबरच, असं धरू नये. तिथेच 'वार्षिक माहिती विवरण' नावाचा कागद मिळतो. वर्षभरात आपल्या पॅनवर काय काय नोंदलं गेलं, त्याची ती यादी. तो कागद, कार्यालयाने दिलेला पगाराचा दाखला, ज्याला आपण फॉर्म १६ म्हणून ओळखतो, आणि बँकेचं पासबुक, हे तिन्ही शेजारी ठेवून ताडून पाहावं. खात्याची दूरध्वनी मदतसेवाही आहे. १८०० १०३ ००२५ या क्रमांकाला पैसे पडत नाहीत. पुष्कळदा थांबावं लागतं, पण समोरचा माणूस कुठे काय दाबायचं ते सांगतो.

दुसरी जागा आयकर कार्यालयातलं 'आयकर सेवा केंद्र'. ते तुमचं विवरणपत्र भरून देईल अशी अपेक्षा ठेवू नका. पण परतावा अडकला, नोटीस आली, पॅनमध्ये नाव चुकलं, तर अर्ज कुठे द्यायचा आणि पोच कशी घ्यायची, ते तिथे कळतं. सरकारी कार्यालयात जाताना आपल्या माणसांच्या पायात गोळे येतात. पण आपण तिथे भीक मागायला जात नसतो. आपला हिशेब द्यायला जातो.

तिसरी जागा आपल्या आसपासची. नोकरीत असाल तर लेखा विभागातला कारकून. निवृत्त असाल तर पेन्शनरांची संघटना, ज्येष्ठ नागरिक संघ. अशा संघांत बँकेतून किंवा लेखा खात्यातून निवृत्त झालेलं कुणीतरी असतंच आणि त्याला आपली विद्या वापरायची हौस असते. १ जुलै हा सनदी लेखापालांचा दिवस. त्या सुमारास आपल्या शहरात त्यांच्या संस्थेचं किंवा एखाद्या मंडळाचं मार्गदर्शन शिबिर आहे का, याची चौकशी करावी. आणि घरातली मुलं विसरू नका. ज्या मुलीला आपण मोबाइलवरून उठवतो, तिलाच शेजारी बसवून पोर्टल उघडायला सांगावं.

गावोगावच्या सेवा केंद्रांतही विवरणपत्र भरून मिळतं. ती मदत बहुधा विनामूल्य नसते. त्यात गैर काही नाही, मेहनतीचे पैसे घ्यावेत. फक्त दर आधी विचारावा आणि पावती मागावी. सरकारलाही ही गरज माहीत होती. २००६ साली 'टॅक्स रिटर्न प्रिपेअरर' नावाची योजना निघाली. पदवीधर तरुणांना शिकवून छोट्या करदात्यांच्या मदतीला पाठवायचं, आणि करदात्याकडून त्यांनी २५० रुपयांहून जास्त घ्यायचे नाहीत, अशी तिची कल्पना. हे काम अडीचशे रुपयांत होण्यासारखं आहे, हे त्यात सरकारनेच मान्य केलं होतं.

आता महागड्या मदतीबद्दल. जो माणूस परताव्यात टक्केवारी मागतो, त्याच्यापासून जपावं. कारण उघड आहे. परतावा जितका फुगेल तितकी त्याची कमाई वाढते, मग तो फुगवायला काहीही करतो. न दिलेलं भाडं, न केलेली देणगी, न घेतलेलं कर्ज, नसलेला आजार, सगळं तुमच्या नावावर लिहितो. १४ जुलै २०२५ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने अशा बनावट वजावटींविरुद्ध देशभर अनेक ठिकाणी तपासणी सुरू केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली विवरणपत्रं दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले, असं मंडळाने तेव्हा जाहीर केलं. त्याच निवेदनात एक गोष्ट होती, ती मला फार अस्वस्थ करून गेली. काही दलाल शेकडो विवरणपत्रं भरण्यापुरते ई-मेल पत्ते तयार करतात आणि नंतर सोडून देतात. खात्याच्या नोटिसा त्या पत्त्यांवर जाऊन पडतात. कुणी उघडत नाही, कुणी वाचत नाही. ज्याच्या नावाची नोटीस, त्याला पत्ताच नसतो.

विचार करा, कारखान्यात पाळी करणारा एखादा तरुण आहे. त्याच्या खात्यात २० हजार आले, त्याने दलालाला ५ हजार दिले, पेढे वाटले. दोन वर्षांनी कळतं की ते २० हजार त्याचे नव्हतेच. ते व्याजासह परत, आणि खोटी माहिती दिली म्हणून बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड. तोवर दलालाने दुकान आणि नंबर दोन्ही बदललेले असतात. कायदा दलालाला शोधेल तेव्हा शोधेल, विवरणपत्राखाली नाव तुमचं आहे. एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. जेवढा कर कापला गेला किंवा भरला गेला, त्यावरचं थोडं व्याज सोडलं तर, त्याहून जास्त परतावा कुणालाही मिळू शकत नाही. "कापले त्याहून जास्त काढून देतो" असं म्हणणारा माणूस खोटं बोलतो आहे.

पूर्वी पोस्टाच्या बाहेर पत्र लिहून देणारी माणसं बसायची. माझ्या पिढीने त्यांना पाहिलं आहे. मुंबईला गेलेल्या नवऱ्याला, आखातात गेलेल्या मुलाला बायका तिथे बसून पत्र लिहून घ्यायच्या. चांगल्या लिहिणाऱ्याची एक रीत होती. पत्र संपलं की तो ते पहिल्यापासून वाचून दाखवायचा. "बरोबर आहे का, भाभी? आणखी काही राहिलं?" मग खाली अंगठा, मग पाकीट बंद. मजकूर तिचा होता, अक्षर फक्त त्याचं.

विवरणपत्राचंही तसंच असावं, असं माझं म्हणणं आहे. मदत फुकट असो की पैशाची, भावाची असो की परक्याची, 'सबमिट'चं बटण दाबण्याआधी म्हणावं, "वाचून दाखवा." माझी एकूण कमाई किती लिहिली? वजावटी कोणत्या घेतल्या आणि त्यांचे कागद माझ्याकडे आहेत का? कर किती आला, कापला किती, परत किती येणार? बँक खातं माझंच आहे ना? मोबाइल आणि ई-मेल माझाच घातला ना? या पाच प्रश्नांची उत्तरं जो शांतपणे देतो, तो मदत करणारा. जो म्हणतो, "तुम्हाला काय करायचंय, ओटीपी सांगा," तिथून कागद उचलून घरी यावं. ओटीपी हा आजचा अंगठा आहे. न वाचता तो द्यायचा नाही. आणि पासवर्ड कुणाच्या वहीत लिहून ठेवायचा नाही.

भरून झाल्यावर काम संपत नाही, हेही सांगतो. विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवून ती घरबसल्या होते. नाहीतर पोचपावतीवर सही करून ती बेंगळुरूच्या केंद्राला टपालाने पाठवता येते. पडताळणी राहिली तर विवरणपत्र भरलंच नाही असं धरतात.

प्रत्येकाचं काम घरच्या घरी होईल, असंही मी म्हणत नाही. ज्यांनी घर किंवा जमीन विकली, शेअरची खरेदी-विक्री केली, ज्यांचा मोठा धंदा आहे, परदेशातून पैसे येतात किंवा खात्याची नोटीस आली आहे, त्यांनी सनदी लेखापालाची किंवा करसल्लागाराची फी द्यावी. दाढदुखीवर शेजाऱ्याचा सल्ला पुरत नाही. पण साधा पगार, साधं निवृत्तिवेतन, बँकेचं व्याज, एवढाच ज्यांचा संसार आहे, त्यांच्यासाठी वाचता येणारा एक भला माणूस पुरेसा आहे.

अशी भली माणसं एकत्र कशी आणावीत, याचं एक उदाहरण अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज इथल्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी कमी उत्पन्नाच्या लोकांची विवरणपत्रं विनामूल्य भरून द्यायला सुरुवात केली. पुढे ते काम देशभर पसरलं. आज तिथल्या कर खात्याच्या आधाराने वाचनालयांत, शाळांत, समाजमंदिरांत स्वयंसेवक बसतात. स्वयंसेवकाला आधी खात्याची परीक्षा द्यावी लागते. आणि एकाने भरलेलं विवरणपत्र करदात्याला समोर बसवून दुसरा माणूस पुन्हा तपासतो, मगच ते पाठवतात. आपला पोस्टाबाहेरचा लेखक वाचून दाखवायचा, तेच हे. त्यांनी फक्त त्याचा नियम केला.

हे आपल्याकडे का होऊ नये? तालुक्या-तालुक्याला वाणिज्य महाविद्यालयं आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं झाडं लावतात, रस्ते झाडतात. त्यांतल्या दहा मुलांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली जुलैचे चार रविवार गावच्या वाचनालयात बसावं. महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयांना शंभर-दीडशे वर्षांची परंपरा आहे. तिथे टेबल आहे, पंखा आहे, आणि वाचण्याची सवय असलेली माणसं आहेत. मुलांना पुस्तकातला कर प्रत्यक्षात कळेल, आणि म्हाताऱ्या माणसाचे ४ हजार वाचतील.

तोवर माझी दोन विनंत्या आहेत. ज्यांना मदत हवी, त्यांनी मुदत तोंडावर येईपर्यंत थांबू नये. पगारदार आणि निवृत्तांसाठी ती साधारण ३१ जुलै असते. कधी वाढते, पण वाढेल म्हणून बसून राहू नये. पॅन, आधार, पासबुक आणि कापलेल्या कराचे दाखले एका पिशवीत ठेवून लवकर निघावं, आणि मदत मागायला लाजू नये. ज्यांना वाचता येतं, समजतं, त्यांनी वर्षातून एका माणसाचं विवरणपत्र त्याच्या शेजारी बसून, मोठ्याने वाचत भरून द्यावं. पुढच्या वर्षी त्याने स्वतः भरावं, इतकं समजावून द्यावं. दुसऱ्याचा कागद वाचून दाखवायला फार मोठी पदवी लागत नाही. चष्मा, थोडा धीर आणि एक दुपार एवढंच लागतं.